ड्रमचा आवाज कुठून कुठे जातो? रीपरमध्ये पहिल्यांदा राउटिंग करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या गाण्यात ड्रमचे अकरा ट्रॅक होते आणि त्या अकरांवर अकरा रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा देणारे इफेक्ट. प्रत्येकाची सेटिंग वेगळी, कारण ज्या दिवशी जे कानाला बरं वाटलं ते लावत गेलो. परिणामी स्नेअर मंगल कार्यालयात, किक न्हाणीघरात आणि हाय-हॅट कुठल्याशा लेण्यात वाजत होता. जुना लॅपटॉप दुसऱ्या कडव्यापाशी पोचला की धापा टाकायचा. सहा महिने मी इफेक्टांचे खुंटे पिळत बसलो. इफेक्ट बिचारे ठीकच होते. आवाज कुठून निघतो आणि कुठे जाऊन पडतो, हे मी एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं.

ज्यांनी रात्रीची लाइट आल्यावर शेतात दारं धरली आहेत, त्यांना राउटिंग समजायला पाच मिनिटं पुरतात. पाणी आत्ता कुठल्या पाटात आहे, कुठलं दार मोडलंय, कुठलं बांधायचं राहिलंय, एवढंच बघायचं असतं. इथे पाण्याच्या जागी आवाज आहे, आणि दार उघडं राहिलं तर वाफ्याऐवजी मास्टर, म्हणजे सगळे आवाज शेवटी जिथे जमतात तो ट्रॅक, भरून वाहतो.

मी रीपर वापरतो म्हणून उदाहरणं त्यातलीच देतो. गाणी वाजवायचं विनॲम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकॉस कंपनीच्या या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती २००६ साली आली. त्यात ऑडिओ ट्रॅक, मिडी (कुठला ठोका कधी वाजवायचा याची नोंद) ट्रॅक, बस (अनेक ट्रॅकचा आवाज जमवणारा ट्रॅक) असे वेगवेगळे प्रकार नाहीत. सगळे ट्रॅक एकाच जातीचे, कुणालाही कुठेही जोडा. नवशिक्याला याचीच आधी भीती वाटते आणि नंतर याचंच वेड लागतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, वाटा त्याच.

आधी हे जमवा

- रीपर. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलर.
- वेगवेगळे आउटपुट देणारं ड्रम-किटचं प्लगइन (रीपरच्या आत चालणारं जोड-सॉफ्टवेअर), किंवा खरे ड्रम रेकॉर्ड केले असतील तर प्रत्येक माइकची वेगळी फाइल. सगळं एकाच स्टिरिओ फाइलमध्ये मिसळलेलं असेल तर पुढचं बरंचसं करता येणार नाही.
- बऱ्यापैकी हेडफोन. मोबाइलसोबत आलेले चालतील, पण किकच्या तळाबद्दल त्यांचं ऐकू नका.
- इफेक्ट विकत घ्यायची गरज नाही. रीपरसोबत येणारे रीआईक्यू (ईक्यू), रीआकॉम्प (कॉम्प्रेसर), रीआगेट (गेट) आणि रीआव्हर्बेट (रिव्हर्ब) पुरतात.
- कागद आणि पेन्सिल. चेष्टा नाही.

## १. आधी कागदावर काढा

इफेक्टची खिडकी उघडायची नाही अजून. माझ्या एका चालीत ड्रम-किटच्या जोडीला ढोलकी आणि हलगी आहे. तिचा आराखडा असा:

ताल (सगळ्यांचा मोठा फोल्डर)
— ड्रम (फोल्डर): किक, स्नेअर वरचा, स्नेअर खालचा, हाय-हॅट, टॉम, ओव्हरहेड (वर टांगलेले माइक), ठेचा
— देशी (फोल्डर): ढोलकी शाई (बारीक आवाजाची बाजू), ढोलकी धुम (खोल आवाजाची बाजू), हलगी
— खोली (रिव्हर्ब)

'ठेचा' आणि 'खोली' ही काय भानगड आहे ते पुढे येईल. नावं मात्र अशी ठेवा की महिन्याभराने फाइल उघडली तरी कळावीत. 'ट्रॅक १७' हे नाव नव्हे.

ढोलकी-हलगी ड्रमच्या फोल्डरात टाकायची नाही, यावर मी ठाम आहे. ड्रम फोल्डरवर पुढे एक कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारा इफेक्ट, बसणार आहे. किक जोरात पडली की तो सगळ्यांनाच दाबतो, मग ढोलकीची बारीक बोलं नेमकी किकच्या मागे गिळली जातात. ढोलकीवाल्याने जीव ओतून वाजवलेलं असं मशीनने खाल्लं की वाईट वाटतं.

## २. किटमधली वाद्यं वेगळी बाहेर काढा

ट्रॅक मेनूमधून 'इन्सर्ट व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट ऑन न्यू ट्रॅक' निवडून किट उघडा. प्लगइनला अनेक आउटपुट असतील तर रीपर स्वतःच विचारतो की त्यांच्यासाठी वेगळे ट्रॅक बनवू का. हो म्हणा. नंतर किटच्या आतल्या मिक्सरमध्ये जाऊन कुठलं वाद्य कुठल्या जोडीतून बाहेर पडणार ते ठरवा: किक १/२ मधून, स्नेअर ३/४ मधून, असं पुढे. हे ठरवलं नाही तर नवे ट्रॅक मुके राहतात, कारण सगळी वाद्यं अजून १/२ मधूनच वाहत असतात.

इथला खड्डा: मी पहिल्यांदा हे सेंड (एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे आवाज नेणाऱ्या वाटा) हाताने काढले होते. १/२ मधली किक नव्या 'किक' ट्रॅकवर नेली आणि मूळ प्लगइनच्या ट्रॅकचा मास्टर सेंड तसाच चालू ठेवला. किक दोन वाटांनी मास्टरला पोचत होती. तंतोतंत सारखे दोन आवाज एकत्र आले की पातळी ६ डेसिबलने वाढते. मला वाटलं, काय दणदणीत किक आहे! दोन दिवस तिला ईक्यूने, म्हणजे तळ-मधला-वरचा आवाज वेगळा कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टने, कापत बसलो. उपाय एका टिचकीचा: मूळ ट्रॅकच्या 'रूट' बटणावर क्लिक करा आणि मास्टर किंवा पॅरेंट सेंडची खूण काढून टाका. आता तो ट्रॅक फक्त विहीर आहे, पाणी पाटांतूनच जाईल.

## ३. फोल्डर करा

'ड्रम' नावाचा रिकामा ट्रॅक बनवा, बाकीचे ट्रॅक निवडून त्याच्या पोटात सरकवा. आतल्यांची नावं थोडी उजवीकडे सरकलेली दिसली की झालं. पोटातल्या ट्रॅकचा आवाज आता थेट मास्टरला न जाता आधी फोल्डरमध्ये जमतो. तसंच 'देशी'चं, आणि मग दोन्ही 'ताल'च्या पोटात.

## ४. फेज: काहीही लावण्याआधी

फेज म्हणजे दोन माइकमधल्या लहरी एकाच दिशेने हलतात की उलट. तयार किटमध्ये ते जुळवायचं काम बहुधा करून दिलेलं असतं, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी पुढे जावं. खरे ड्रम रेकॉर्ड केले असतील त्यांनी थांबावं.

स्नेअरच्या वरच्या कातड्यावर काठी पडते तेव्हा कातडं वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालचं कातडं खालच्या माइककडे येतं. म्हणजे दोन माइकना तोच ठोका उलटा ऐकू येतो. दोन्ही एकत्र वाजवले की ते एकमेकांना खातात आणि स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. खालच्या स्नेअरच्या ट्रॅकवर फेज उलटवायचं बटण असतं, शून्याला तिरकी काट मारलेली खूण. मास्टर मोनो करा, बटण दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ज्या स्थितीत स्नेअरला अंग येईल ती ठेवा. डोळे मिटून ऐका, खूण बघू नका.

ओव्हरहेडचं थोडं वेगळं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर वरच्या माइकला स्नेअर जवळपास ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. काही जण वेव्हफॉर्म सरकवून ते जुळवतात. मी नाही जुळवत. तेवढ्या उशिरानेच खोलीचा अंदाज येतो. फेजचं बटण मात्र इथेही दाबून बघतोच.

## ५. ट्रॅकवरचे इफेक्ट आणि त्यांचा क्रम

जो इफेक्ट एकाच वाद्याचं रूप बदलतो तो त्या वाद्याच्या ट्रॅकवर: गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), ईक्यू, कॉम्प्रेसर. क्रमही हाच. नवशिके बऱ्याचदा कॉम्प्रेसर आधी लावतात. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, आपण मग पातळी उचलतो, आणि स्नेअरच्या माइकमध्ये झिरपलेला हाय-हॅटही सोबत वर येतो. त्यानंतर गेट लावला तर स्नेअर कुठला आणि हाय-हॅट कुठला हे त्यालाही उमगत नाही. आधी गेट, मग दाब.

किकसाठी माझी सुरुवात अशी असते: रीआईक्यूमध्ये ३५० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल खाली, ६० हर्ट्झजवळ किंचित वर, आणि बीटरची (किकवर आपटणाऱ्या हातोडीची) टकटक हवी असेल तर ३ ते ४ किलोहर्ट्झला थोडा हात. स्नेअरवर रीआकॉम्प, रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाबायला किती वेळाने सुरुवात) १५ मिलिसेकंद. अटॅक शून्य केला तर ठोक्याची धारच कापली जाते आणि काठी उशीवर पडल्यासारखी वाटते.

हलगीवर मी गेट लावत नाही. तिच्या दोन ठोक्यांमधली कंप पावणारी शेपटी हीच तिची ओळख आहे. एक गोष्ट मात्र रेकॉर्डिंगच्या वेळीच सांभाळा: हलगी शेकून तापवलेली असते, आणि गार होत गेली की सूर उतरतो. आमच्या एका रेकॉर्डिंगमध्ये पहिला आणि पाचवा टेक जोडले तर दोन वेगळ्या हलग्या वाटत होत्या. ते कुठल्याही इफेक्टने सुधारलं नाही. दर दोन टेकनंतर पुन्हा शेकली तेव्हा जमलं.

## ६. 'खोली': एकच रिव्हर्ब, सगळ्यांना

या एका पायरीने माझे अकरा रिव्हर्ब संपले.

'खोली' ट्रॅकवर रीआव्हर्बेट लावा. त्यात वेट आणि ड्राय अशा दोन पट्ट्या असतात. ड्राय पूर्ण खाली ओढा. मूळ आवाज आपल्या ट्रॅकवरून पोचतोच आहे. इथूनही गेला तर दुसऱ्या पायरीतली डबल किक वेगळ्या रूपात परत येते. इनिशियल डिले २० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे आधी ठोका ऐकू येईल आणि मग खोली. हायपास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) २५० हर्ट्झच्या आसपास, नाहीतर तळाशी गाळ साचतो.

आता स्नेअरच्या 'रूट' बटणावरून माउस ओढून 'खोली'वर सोडा. सेंड तयार. पातळी उणे १२ डेसिबलपासून सुरू करा. टॉमला तेवढाच, ओव्हरहेडला अगदी थोडा, किकला काहीच नाही. ढोलकीच्या शाईला थोडा आणि हलगीला थोडा. ड्रम कुठल्यातरी परदेशी स्टुडिओत वाजलेले, ढोलकी आमच्या माळ्यावर वाजलेली. दोघांना एका छताखाली आणणारी ही एकच जागा आहे, म्हणून 'खोली' ड्रमच्या पोटात न ठेवता 'ताल'च्या पोटात ठेवली.

रिव्हर्ब किती लांब असावा याला सोपा हिशेब आहे. ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. लय १०० असेल तर ६००. स्नेअरची शेपटी पुढच्या ठोक्याआधी विरली पाहिजे, एवढं ध्यानात ठेवून रूम साइज कमी-जास्त करा.

पोस्ट-फेडर की प्री-फेडर? म्हणजे सेंड ट्रॅकच्या फेडरनंतर (आवाजाची पातळी ठरवणारी पट्टी) निघावा की आधी? सेंडच्या खिडकीत ही निवड असते. पोस्ट-फेडर ठेवा. प्री-फेडर असेल तर स्नेअरचा फेडर पूर्ण खाली नेला तरी त्याचं भूत खोलीत वाजत राहतं.

याच भुताचा थोरला भाऊ ओळखायला मला फार दिवस लागले. 'खोली'ला जाणारे सेंड स्नेअर-टॉमवरून निघतात, 'ड्रम' फोल्डरवरून नाही. त्यामुळे शेवटी 'ड्रम' फोल्डरचा फेडर हळूहळू खाली आणला, तर ड्रम विरतात आणि रिव्हर्ब मात्र ठणठणीत. फेड करायचा तो 'ताल'च्या फेडरवर, कारण 'खोली' त्याच्या पोटात आहे. ड्रम-ढोलकीचा तोल साधताना एखाद-दोन डेसिबलची हालचाल चालते. जास्त करायची असेल तर आतले ट्रॅक एकत्र निवडून त्यांचे फेडर हलवा, म्हणजे सेंडही सोबत हलतील.

ऐंशीच्या दशकातला तो 'धाडकन वाजून कापला जाणारा' स्नेअर हवा असेल तर तोही राउटिंगचाच खेळ आहे. १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होते आणि इंजिनिअर ह्यू पॅडघम कन्सोलवर (मिक्सिंगच्या मोठ्या टेबलावर) होते. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून जो माइक टांगलेला असतो, त्यावर कन्सोलमध्ये जबरदस्त कॉम्प्रेसर होता. त्यातून ड्रम ऐकू आले आणि सगळे चमकले. पण त्या माइकचा आवाज रेकॉर्ड व्हायला वाटच नव्हती. वायरिंग बदलून ती काढून घ्यावी लागली, आणि जोडीला गेट आला. रीपरमध्ये हेच करायला स्नेअरसाठी वेगळा रिव्हर्ब ट्रॅक करा, रिव्हर्बच्या नंतर रीआगेट लावा, आणि कोरड्या स्नेअरचा आणखी एक सेंड त्या ट्रॅकच्या ३/४ वर (चॅनेलांच्या दुसऱ्या जोडीवर) पाठवा. रीआगेटच्या डिटेक्टरला (कुठला आवाज ऐकून उघडायचं ते बघणाऱ्या भागाला) 'ऑक्झिलरी इनपुट', म्हणजे हीच ३/४ जोडी, सांगा, होल्ड (दार किती वेळ उघडं) २०० मिलिसेकंद. काठी पडली की दार उघडतं, वेळ संपली की आपटतं.

## ७. ठेचा

मूळ आवाजाच्या जोडीला त्याचीच जबर दाबलेली प्रत मिसळायची, दुनिया याला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणते. माझ्या फाइलींमध्ये त्या ट्रॅकचं नाव ठेचा आहे, कारण आवाज तसाच चेचायचा असतो आणि ताटात तसाच बोटभर घ्यायचा असतो.

'ड्रम'च्या पोटात नवा ट्रॅक करा. किक, स्नेअर आणि टॉमवरून त्याला सेंड द्या. हाय-हॅट आणि ओव्हरहेड देऊ नका, झांजा फसफसतात. ठेच्यावर रीआकॉम्प, रेशो १०:१, अटॅक २-३ मिलिसेकंद, आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाब सुरू होतो ती) इतका खाली की मीटर १०-१५ डेसिबलचा दाब दाखवेल. नुसतं ऐकलं तर भयंकर वाटेल, वाटू दे. फेडर पूर्ण खाली न्या, गाणं चालू करा आणि हळूहळू वर आणा. ड्रमना वजन आल्यासारखं वाटलं की थांबा आणि तिथून एक-दोन डेसिबल मागे या. ठेचा ओळखू आला, तर जास्त झालाय.

## ८. ड्रम फोल्डरवर

एकच कॉम्प्रेसर, २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, सुई दोन डेसिबलच्या पुढे जाऊ नये. बस. फोल्डरवर पाच इफेक्टांची माळ लागत असेल तर दुखणं आत कुठेतरी, एखाद्या ट्रॅकवर आहे.

## ९. किक आणि बास, किक आणि धुम

किक आणि बास गिटार दोघंही तळाशीच बसतात. किकवरून बासच्या ट्रॅकला सेंड ओढा, आणि सेंडच्या खिडकीत पोचायची जागा १/२ वरून ३/४ करा. हे विसरलं तर किक बासच्या ट्रॅकमधून ऐकूच येऊ लागते. बासवर रीआकॉम्प लावून डिटेक्टर इनपुट 'ऑक्झिलरी' करा. रेशो ४:१, अटॅक ५, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंद, दाब ३ डेसिबल. किक पडली की बास क्षणभर मान खाली घालतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही.

ढोलकी असेल तर हाच सेंड धुमाच्या ट्रॅकवरूनही बासला द्या. धुमाचा घुमारा लांब असतो, म्हणून रिलीज १५०-२०० पर्यंत वाढवून बघा. किक आणि धुम एकाच मात्रेवर येत असतील तर मात्र तंत्र बाजूला ठेवा आणि किकचा तो ठोका मिडीमधून पुसून टाका.

## १०. गळती शोधा

इतर वाद्यं म्यूट करा, गाणं चालू ठेवा आणि 'ताल' म्यूट करा. पूर्ण शांतता झाली पाहिजे. काही ठिबकत असेल तर कुठलं तरी दार थेट मास्टरला उघडं आहे. अल्ट आणि आर दाबलं की राउटिंग मॅट्रिक्स उघडतो. कुठला ट्रॅक कुठे जोडलाय ते त्या जाळीत एका नजरेत दिसतं.

आवाज अजिबात येत नसेल, किंवा ओढलेला सेंड जोडलाच जात नसेल, तर तुम्ही बहुधा फोल्डरवरून त्याच्याच पोटातल्या ट्रॅकला सेंड देताय. पाणी फिरून विहिरीतच. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये अशा फीडबॅकला परवानगी द्यायची खूण आहे, तिला हात लावू नका. हेडफोन घालून ती चालू केलेला एक जण मला माहीत आहे. तो हा लेख लिहितोय.

## ११. दुसऱ्याला पाठवताना आणि पुढच्या गाण्यासाठी

मिक्सिंगसाठी ट्रॅक बाहेर पाठवायचे असतील तर रेंडरच्या (फाइल बाहेर काढायच्या) खिडकीत निवडलेल्या ट्रॅकचे स्टेम, म्हणजे प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाइल, काढता येतात. स्नेअरचा स्टेम काढला तर त्यात स्नेअरवरचे इफेक्ट येतात. 'खोली', 'ठेचा' किंवा फोल्डरवरचा कॉम्प्रेसर येत नाही. समोरच्याला कोरडे ट्रॅक हवेत की इफेक्टांसह, हे आधी फोनवर विचारा. 'खोली'चा स्टेम वेगळा काढून सोबत द्या, तो नको असेल तर टाकून देईल.

आणि हा सगळा डोलारा दर गाण्याला नव्याने उभारायचा नाही. 'ताल' आणि त्याच्या पोटातले सगळे ट्रॅक निवडा, राइट-क्लिक करून ट्रॅक टेम्प्लेट म्हणून जतन करा, वाजवलेल्या क्लिप सोबत घेऊ नका. माझ्या टेम्प्लेटचं नाव 'ताल कोरा' आहे. त्यात ठेच्याचा फेडर मी मुद्दाम पूर्ण खाली ठेवलाय.